बासष्टच्या आकड्यावरचा पहारा

बाळांनो, आज थोडी कल्पना करायची आहे. डोळे मिटून नको. मिटलेत तर वाचणार कसं?

समजा, तुमच्या घराच्या दारावर, चौकटीला, पेन्सिलीने एक रेघ मारलेली आहे. तुमच्या वाढदिवसाला मारलेली, तुमच्या उंचीची. आणि समजा, एक दिवस तुमच्या लक्षात आलं की ती रेघ खाली सरकते आहे. एकदम नाही, रोज केसभर. घरात माणसं दहा. त्यातलं कुणीतरी जुनी रेघ पुसून नवी मारतंय. आता ते माणूस शोधायचं कसं? एक उपाय असा, की दहाही जणांच्या मागे दिवसभर हिंडायचं. काका दुकानात गेला की चला दुकानात, आत्या गच्चीवर गेली की पळा गच्चीवर. पाय मोडून जातील, आणि तुम्ही गच्चीवर असताना नेमकी खाली रेघ पुसली जाईल. दुसरा उपाय सोपा. कुणाच्याच मागे जायचं नाही. चौकटीपाशी मांडी घालून बसायचं आणि नजर फक्त रेघेवर ठेवायची. जो हात लावील तो सापडेल.

एवढं डोक्यात ठेवलंत की ही गोष्ट पुरती कळेल. गोष्ट अजून घडलेली नाही. तुमच्यातली काहीजणं कामाधंद्याला लागतील, त्या सुमारास ती मिरजेत घडेल.

मिरजेत सतारी आणि तानपुरे करणाऱ्यांची एक गल्ली आहे. तिथे तस्नीम नावाची सातवीतली मुलगी राहील. तिचे आजोबा दस्तगीर. ती त्यांना दादाजान म्हणायची. (आता मी 'म्हणायची' असंच लिहितो. दरवेळी 'म्हणेल', 'करेल' लिहीत बसलो तर तुम्ही कंटाळाल.) तस्नीमचे अब्बा ढालगावच्या डोंगरावर पवनचक्क्या दुरुस्त करायचे आणि रविवारी घरी यायचे. "तुझ्या बापाला उंची मानवते, बैठक मानवत नाही," असं दादाजान म्हणायचे. म्हणजे त्यांच्यानंतर घरात तानपुरा करणारं कुणी नव्हतं. तस्नीमची अम्मी, शमशाद, भोपळे घासायची, लाकडाला पॉलिश करायची, तारा चढवायची. पण जवारी दादाजानच काढायचे.

जवारी म्हणजे काय ते सांगतो. तानपुऱ्याच्या तारा एका छोट्या पाटासारख्या तुकड्यावरून जातात. त्याला घोडी म्हणतात. घोडीचा माथा अगदी सपाट ठेवला तर तार नुसती टण्ण वाजते. तोच माथा कानशीने घासून जरासा, डोळ्याला दिसणारही नाही इतका, उतरता केला, तर थरथरणारी तार त्याला हलकेच घासत राहते आणि एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. आवाज बराच वेळ खोलीभर फिरत राहतो. हे घासणं म्हणजे जवारी काढणं. ते मोजपट्टीने होत नाही. चार रेटे मारायचे, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा दोन रेटे. दादाजानांची खूण अशी, की प्रत्येक रेट्याच्या शेवटी मनगटाचा एक बारीक झटका असायचा. पन्नास वर्षांत त्या झटक्याने त्यांचं नाव झालं होतं.

आणि मग त्यांचा उजवा हात कापायला लागला.

हा एक आजार असतो. त्यात हात आपोआप हलतो, सेकंदाला साधारण पाच वेळा. चहाची बशी वाजते, सदऱ्याचं बटण लागत नाही, आणि कानस तर धरताच येत नाही. पण त्या काळात यावर एक हातमोजा निघाला होता. पातळ, राखाडी, बोटांवर केसाएवढ्या मोटारी शिवलेला. कंप हाताला डावीकडे ढकलायला लागला की मोजा त्याच क्षणी तेवढ्याच जोराने उजवीकडे ढकलायचा. दोन्ही मिळून शून्य. हात स्थिर.

अडचण एकच होती. मोज्याला कळणार कसं, की कुठली हालचाल आजाराची आणि कुठली माणसाच्या मनातली? सावकाश रेटा ओळखणं सोपं. पण दादाजानांचा तो शेवटचा झटका जवळपास कंपाएवढाच वेगवान होता. मोज्याने तोही आजार समजून दाबून टाकला, तर जवारी संपली! म्हणून मोजा देणाऱ्या संशोधन केंद्रातल्या लोकांनी दादाजानांना सहा दिवस समोर बसवून कानस चालवायला लावली आणि मोज्याच्या स्मरणात एक आकडा लिहिला. आकड्याचं नाव ठेवलं 'सवय'. तो होता बासष्ट. म्हणजे शंभर भागांतला बासष्ट भाग झटका जाऊ द्यायचा, बाकीचा आवरायचा. आजार हळूहळू बदलतो, म्हणून मोज्याने हाताकडून शिकत राहावं आणि आकडा स्वतःच थोडाथोडा हलवावा, अशीही सोय केली होती.

मोजा चढवून दादाजानांनी पहिली घोडी घासली, तार छेडली आणि ते तस्नीमला म्हणाले, "तस्सू, बघ गं, माझा हात परत आला गावाहून."

वर्षभर सगळं छान चाललं. मग एका सोमवारी गायिका मंजिरीताई हुद्दार तानपुऱ्यांची जोडी परत घेऊन आल्या. बिचाऱ्या दाराशीच घुटमळत होत्या.

"चाचा, रागावू नका. यांचा आवाज... मिटल्यासारखा वाटतोय. माझ्याच कानांचा दोष असेल."

"तुमच्या कानांचा नाही, ताई." दादाजानांनी तार छेडली. आवाज आला आणि लगेच बसला. ते दुसऱ्यांदा छेडायला गेलेच नाहीत. "हे मी तुम्हाला दिलं तेव्हा मला कळायला हवं होतं. म्हणजे कान माझे गेले."

"असं कसं म्हणता?"

"पंधरा दिवसांनी या. तेवढ्यात जवारी उघडली तर ठीक. नाही उघडली तर ही जोडी आणि माझ्या कानशी, दोन्ही मी पलीकडच्या गल्लीत युसूफमियाँकडे देणार. बहिऱ्या माणसाने लोकांचे तानपुरे बिघडवू नयेत."

मंजिरीताई गेल्या. अम्मी भोपळा घासत होती, तिचा हात थांबला होता. तस्नीमने दादाजानांकडे बघितलं. ते कानशी पुसून ओळीने मांडत होते. पाहुण्याच्या सामानाची बांधाबांध करावी तसे.

तस्नीमला एक गोष्ट खटकली. दादाजान बहिरे कसले? ती स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडायची तेव्हा ते बाहेरून ओरडायचे, "एकच घे!" मग बिघडलं काय? कान बरे, हात मोज्यात. उरला मोजा. तिने मोजा टॅबलेटला जोडला आणि 'सवय' उघडून बघितली.

सत्तावन्न पूर्णांक चार.

केंद्राच्या कार्डावर ठळक लिहिलं होतं: बासष्ट.

"दादाजान, तुम्ही आकडा बदललात?"

"मला फोनचा आवाज कमी करता येत नाही, आणि मी आकडे बदलू?"

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या संगणकखोलीत आवटीबाईंसमोर उभी राहिली. आवटीबाई प्रोग्राम शिकवायच्या. त्यांचं एक ठरलेलं होतं, उत्तर कधी सांगायचं नाही, पण प्रश्नाच्या जवळ नेऊन सोडायचं.

"मोज्याचा प्रोग्राम किती ओळींचा?" त्यांनी विचारलं.

"चाळीस हजार, बाई. केंद्राने सगळ्यांना वाचायला खुला ठेवलाय."

"मग वाच."

"बाई!"

"बरं, वाचू नकोस. ब्रेकपॉइंट माहीत आहे ना?"

"हो. आपण एका ओळीवर खूण करायची. प्रोग्राम तिथे आला की थांबतो, मग आत काय चाललंय ते बघायचं."

"मग कर खूण."

"पण कुठल्या ओळीवर? आकडा कोण बदलतंय तेच तर माहीत नाही."

"म्हणजे चोर कुठल्या रस्त्याने येतो ते माहीत नाही. पण येतो कुठे, ते माहीत आहे?"

 तस्नीमचे डोळे मोठे झाले. "आकड्यापाशी!"

बाळांनो, आपली चौकटीवरची रेघ ती हीच. प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे यासाठी एक साधन असतं, त्याला वॉचपॉइंट म्हणतात. तो ओळीवर नसतो, माहितीवर असतो. स्मरणातल्या एका जागेवर पहारा बसवायचा. ती जागा कुणीही बदलो, कुठल्याही ओळीवरून बदलो, पहारेकरी लगेच सांगतो: आधी किती होतं, आता किती झालं आणि हे कुणी केलं. बऱ्याच चिपांमध्ये असे पहारेकरी मुळातच घडवलेले असतात. फार नसतात. मोज्याच्या चिपमध्ये चार होते. तस्नीमला एकच हवा होता.

"एक ध्यानात ठेव," बाई म्हणाल्या. "पहारेकरी शिट्टी मारतो तेव्हा प्रोग्राम जागच्या जागी थांबतो. तुझे आजोबा कानस चालवत असताना मोजा थांबला तर?"

"हात कापेल. घोडी जाईल."

"म्हणून त्याला सांगायचं, थांबवू नकोस. नुसतं वहीत लिही आणि पुढे जाऊ दे."

तस्नीम घरी पळाली आणि पहारा बसवला. दोन दिवस वही कोरी! तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला येऊन बाईंकडे गेली. बाईंनी टॅबलेट बघितला आणि तोंडावर पदर धरला.

"हसू नका ना, बाई."

"नाही हसत. अगं, मांजरीवर पहारा ठेवायचा, तो तू आरशातल्या मांजरीवर ठेवलास."

झालं होतं असं, की टॅबलेटवर दिसत होता तो आकड्याचा उतारा. खरा आकडा मोज्याच्या आत. टॅबलेट फक्त जोडल्यावर तो उतरवून घ्यायचा. तस्नीमने उताऱ्यावर पहारा बसवला होता. आतला आकडा कितीही हलला तरी तिच्या पहारेकऱ्याला पत्ता नाही. (ही चूक मोठमोठे लोकही करतात. मी कुणाकुणाची नावं सांगू?) तिने पहारा उचलून मोज्याच्या आत, खऱ्या जागेवर बसवला.

इकडे दादाजानांचं काम मंदावत चाललं होतं. पूर्वी सकाळी बसले की जेवणाच्या हाकेला उठायचे. आता दिवसाला पाच-सहा रेटे मारायचे, तार छेडायचे, मान हलवायचे आणि मोजा काढून खुंटीला अडकवायचे. दुपारी जेवून मशिदीत जायचे, तिथून तलावाकाठी एकटेच बसून पाच वाजता परतायचे. एकदा तस्नीमने विचारलं, "दादाजान, जवारी कशी चाललीय?"

"मजेत आहे. मलाच काही सांगत नाही."

तेराव्या दिवशी, शनिवारी, शाळा नेहमीपेक्षा लवकर, तीन वाजता सुटणार होती. शाळेला निघण्यापूर्वी तिने मोजा टॅबलेटला जोडून वही उतरवून घेतली आणि मधल्या सुट्टीत ती उघडून बसली. नोंदी भराभर सरकल्या. सकाळच्या मोजक्याच, आणि त्यांत आकडा किंचित वर गेलेला. दुपारच्या पुष्कळ, आणि त्यांत तो खाली आलेला. बदल करणारा भाग दरवेळी तोच, मोज्याचा 'शिकणे' नावाचा भाग. म्हणजे बिघाड नव्हताच. मोजा त्याला सांगितलेलं कामच करत होता, हाताकडून शिकत होता. पण दुपारच्या नोंदींपुढे आणखी दोन गोष्टी होत्या. कंप: नाही. मनगटाचा पट्टा: दोन खाचा घट्ट.

दुपारी तीन ते साडेचार. कंप नसलेला हात. दादाजानांपेक्षा बारीक मनगट.

तस्नीमने आधी स्वतःचं मनगट बघितलं, उगीचच. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिला वहीत पुढे काही वाचवेना.

दुपारी ती घरी आली ती मागच्या दाराने. तीन वाजून गेले होते. कामाच्या खोलीत दादाजानांच्या बैठकीवर अम्मी बसली होती. उजव्या हातात राखाडी मोजा, समोर एक टाकाऊ, चिरलेली घोडी. अम्मी रेटा मारायची, थांबायची, पुन्हा मारायची. जीभ दातांत धरली होती, तस्नीम गणित सोडवताना धरायची तशीच.

"अम्मी."

कानस खाली पडली.

"तू... आज लवकर कशी?"

"आज शाळा लवकर सुटली."

अम्मीने मोजा काढायची घाई केली, पण पट्टा निघेना. तस्नीमने जवळ जाऊन तो सोडवला. दोन खाचा.

"कधीपासून?"

"दोन महिने," अम्मी म्हणाली. मग भराभर बोलायला लागली. "तुझ्या दादाजानांचा झटका या मोज्यात आहे ना? मोजा घातला की तो माझ्या मनगटाला कळतो. मी कमी पडले की मोजा जरा अडखळतो, बरोबर आलं की मोकळा सोडतो. दुसरं कोण शिकवणार मला? या घरात कानस बापाकडून लेकाकडे जाते. तुझे अब्बा तर वर डोंगरावर. दादाजानांनंतर कुणीच नाही, तस्सू. मी त्यांच्या चांगल्या घोडीला कधी हात लावला नाही. ही बघ, फुटकी आहे. त्यांचं काही बिघडू नये म्हणून..."

"अम्मी, मोजाही शिकतो."

"म्हणजे?"

"तो तुला शिकवतो, तेव्हा तुझ्याकडून शिकतही असतो. तुझा झटका भित्रा. हल्ली तर दिवसाला दोनशे रेटे तुझे, सहा त्यांचे. त्याला वाटलं, हाताची सवय बदलली. म्हणून तो त्यांचा झटका आता दाबतो."

अम्मीने मोजा काढून उलटसुलट करून बघितला. तिची चूक काय, सांगू? या गल्लीतलं प्रत्येक हत्यार कुणीही वापरून जागेवर ठेवलं की होतं तसंच राहतं. कानस कानसच असते, रंधा रंधाच असतो. मोजाही तिने त्यांच्याच रांगेतला समजला होता.

"म्हणजे अब्बाजी बहिरे झाले नाहीत," ती हळूच म्हणाली. "मी केलं त्यांना बहिरं."

तिने ओढणीने डोळे पुसले आणि तस्नीमचा हात धरला. "परवा ताई येणार. तू आकडा बासष्टवर आण. मी आजपासून हात लावणार नाही, शपथ. आणि दादाजानांना सांग, यंत्र बिघडलं होतं. दुपारच्या नोंदी पुसता येतील ना तुला?"

"येतील."

"मग पूस, बाळा. त्यांनी मला बोलावं याचं काही नाही. पण माझ्याकडे बघणं सोडलं तर?"

तस्नीमने त्या दिवशी नोंदी पुसल्या नाहीत, आणि पुसणार नाही असंही म्हटलं नाही. तुम्ही काय केलं असतंत? पुसल्या तर दादाजान पुन्हा कामाला लागतील, अम्मी वाचेल, सगळे खूश. पण मग मोज्याला दोष लागेल, ज्याने काहीच केलं नव्हतं. आणि अम्मी पुन्हा कधी कानस धरणार नाही.

रविवारी सकाळी (अब्बांना त्या आठवड्यात सुट्टी मिळाली नव्हती) दादाजान बैठकीवर येऊन बसले. कानशी त्यांनी एका फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. अम्मी दारात चहा घेऊन उभी. तस्नीम टॅबलेट घेऊन समोर बसली.

"दादाजान, तुमचे कान चांगले आहेत. आकडा सरकला होता."

"कुणी सरकवला?"

"वहीत जे लिहिलंय तेवढंच मी वाचते. दुपारी तीन ते साडेचार. रोज. कंप नाही. पट्टा दोन खाचा घट्ट."

"कुणाचा हात?"

"ते मोज्याला माहीत नाही."

"आणि तुला?"

तस्नीमने मान खाली घातली. खोलीत भिंतीला टेकवलेला एक तानपुरा उगीचच, कुणी न छेडता, बारीक घुमल्यासारखा वाटला. रस्त्यावरून टेम्पो गेला असेल.

"माझा," अम्मी म्हणाली. बशीत चहा सांडला होता.

दादाजानांनी तिच्याकडे बघितलं, मग खुंटीवरच्या मोज्याकडे.

"शमशाद, पंधरा दिवस मी स्वतःला बहिरा समजतोय. पहाटे फजरच्या अजानला दारात उभा राहून ऐकत होतो, नीट ऐकू येतंय का म्हणून."

"चुकलं, अब्बाजी."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही शिकवलं असतंत?"

 खोटं बोलणं सोपं होतं. "माहीत नाही," दादाजान म्हणाले. "बहुतेक हसलो असतो. चहा दे आता. उरलाय तेवढा."

तस्नीमने आकडा बासष्टवर आणला. दादाजानांनी फडकं सोडलं, मोजा चढवला, मंजिरीताईंच्या तानपुऱ्याची तार बाजूला सारली. चार रेटे. तार चढवली, स्वर खुलावा म्हणून घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवला, छेडली. आवाज उठला, भिंतींना लागला, परत आला आणि फिरत राहिला. दादाजानांनी डोळे मिटले.  मग ते डोळे न उघडताच म्हणाले, "उद्या ताईंना लवकर बोलवा. आणि तस्सू, डब्यातला एक लाडू घे. दोन घे."

दुसरा तानपुराही दुपारपर्यंत उघडला. तेव्हा तस्नीम म्हणाली, "दादाजान, वहीत अजून एक गोष्ट आहे. अम्मीमुळे आकडा वहीच्या पहिल्या दिवशी जितका खाली आला होता, तितका शेवटी येत नव्हता. रोजचा फरक कमी होत गेलाय."

"म्हणजे ती शिकली?"

"किंवा मोजा तिच्याकडे सरकला, म्हणून फरक कमी दिसला. दोन्ही होऊ शकतं. वहीवरून नाही कळणार." तिने खाकरून घेतलं. हे ती रात्री अंथरुणात घोकून आली होती. "पण आता आकडा परत बासष्ट आहे. अम्मीने मोजा घातला आणि तो घसरला, तर मोजाच सरकला होता. नाही घसरला, तर अम्मी."

दादाजानांनी मोजा काढला. त्यांचा हात लगेच कापायला लागला. त्याच कापऱ्या हाताने त्यांनी तो सुनेपुढे धरला.

"घाल."

"अब्बाजी, तुमच्यासमोर?"

"माझ्यामागे दोन महिने घातलास. आता समोर घाल." आणि त्यांनी फुटकी नाही, एक नवी कोरी घोडी तिच्यापुढे ठेवली.

तस्नीमने पहारेकऱ्याला नवं काम दिलं. नुसतं लिहायचं नाही, आकडा हलला की टिंग करायचं. अम्मीने कानस धरली. पहिला रेटा. शांत. दुसरा. शांत. तिघांचेही कान टॅबलेटकडे. पाच, सहा, सात. अम्मीच्या कपाळावर घाम आला होता, पण मनगट हलत होतं, आणि प्रत्येक रेट्याच्या शेवटी तो बारीक झटका होता, हुबेहूब. दादाजान बोटांवर मोजत होते, जी बोटं त्यांच्या ताब्यात नव्हती त्यांच्यावर.

अकराव्या रेट्याला टिंग झालं.

अम्मीने कानस टाकली. "घसरला!"

"थांब," तस्नीम म्हणाली. तिने नोंद वाचली, पुन्हा वाचली. "आधी बासष्ट. आता बासष्ट पूर्णांक एक. अम्मी, तो खाली नाही आला. वर गेलाय."

"वर म्हणजे?"

"तुझा झटका दादाजानांपेक्षा मोठा पडला."

अम्मी घाबरून सासऱ्यांकडे बघायला लागली. दादाजानांनी घोडी उचलली, प्रकाशात धरली, अकराव्या रेट्याच्या जागेवरून अंगठा फिरवला. मग तानपुऱ्यावर बसवून एकच तार चढवायला सांगितली आणि छेडली. मान एका बाजूला कलती करून त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"दहा रेटे माझे आहेत," ते म्हणाले. "हा एक माझा नाही. हा मी कधी मारला नसता. थोडा आगाऊ आहे." ते हसले. "पण खोटा नाही. शमशाद, तो पुन्हा मार बघू."

अम्मीने पुन्हा रेटा मारला. टॅबलेट गप्प. आणखी एक. गप्प. तो झटका परत येईना. मोज्याला बासष्टच माहीत होतं, आणि तो तिच्या मनगटाला प्रत्येक वेळी प्रेमाने, न चुकता, बासष्टवर आणून सोडत होता.

"नाही येत," अम्मी रडवेली झाली. "चुकून आला असेल."

तेव्हा तस्नीम उठली. टॅबलेट तिने पालथा घातला. अम्मीच्या मनगटाचा पट्टा सोडला, एकेक बोट ओढून मोजा काढला आणि दादाजानांच्या हातावर चढवला. मग कानस उचलून तिने अम्मीच्या उघड्या हातात दिली आणि घोडी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.